उताराला आडवी

‘मृद्‌संधारण’ हा शब्द मी आयुष्यात हजार वेळा तरी दुरुस्त केला असेल. कुणी ‘मृदसंधारण’ लिहितं, कुणी ‘मृदासंधारण’. एका लेखकाने ‘मृदुसंधारण’ लिहिलं होतं, तेव्हा कुणीतरी मऊ पोळ्या डब्यात साठवतंय असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी मुद्रितशोधक. सव्वीस वर्षं पुण्यात बसून शेतीची पुस्तकं आणि मासिकं तपासली. ‘द’चा पाय मोडायचा आणि पुढचं पान घ्यायचं. एवढ्या काळात फावडं एकदाही हातात धरलं नाही. ‘जमिनीची धूप’ म्हटलं की मला आजही आधी देवघर आठवतं.

निवृत्त झाले आणि पुरंदर तालुक्यातली वडिलांच्या वाटणीची साडेतीन एकर जमीन आता आपण ‘बघावी’ असं मनात आलं. बघावी म्हणजे नेमकं काय करावं, हे ठरवलं नव्हतं. जमीन चुलतभाऊ, आमचे दादा, वाट्याने करतात. बाजरी, मटकी, हुलगा, पाऊस बरा झाला तर ज्वारी. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले आणि त्याच संध्याकाळी वळीव पाऊण तास कोसळला. उघडल्यावर मी शेताच्या खालच्या अंगाला असलेला ओढा बघायला धावले. दुधाच्या दाट चहासारखं तांबूस पाणी फेसाळत चाललं होतं. मोबाइलवर चार फोटो काढले आणि वहिनींना म्हटलं, “काय सुंदर रंग आलाय पाण्याला!” वहिनी पदर खोचत म्हणाल्या, “येनारच की वन्सं. तुमच्याच रानाचा हाय त्यो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात एक मजा दिसली. वरच्या मुरमाड भागात बारीक खडे मातीच्या इवल्या इवल्या खांबांवर उभे होते, कुण्या पोराने मांडून ठेवल्यासारखे. पुतण्या कृषी पदविकेला आहे, त्याला मोठ्या कौतुकाने दाखवले. तो म्हणाला, “आत्या, खेळ झालाय खरा, पण तो पावसाने केलाय.” पावसाचा मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटतो. उघड्या जमिनीवरची माती त्याने उडते आणि वाहत्या पाण्यात जाते. खड्याखालची माती तेवढी झाकलेली असल्याने राहते. म्हणजे खांब वर आलेला नव्हता, बाकीचं रान खाली गेलं होतं. खांबाची उंची अर्ध्या पेराच्या आतबाहेर होती. मी त्यातले दोन खांब फोटोसाठी जागा करताना चपलेने मोडले होते.

मग त्याने मला धुपेचे प्रकार सांगितले, आणि ते सगळे शब्द माझ्या हाताखालून गेलेले निघाले. थेंबाने माती उडते ती उसळी धूप. बटाट्याची साल निघावी तसा सबंध रानाचा पातळ थर जातो ती सालकाढी. पुढे पाण्याच्या वाटा पडतात, त्या ओघळी, आणि ओघळ इतकी खोल गेली की औत पलीकडे जाईना, म्हणजे घळ. यांत सालकाढी सगळ्यांत लबाड, कारण ती दिसत नाही. ओघळ दिसते म्हणून माणूस ओघळीशी भांडत बसतो. मला एक जुना आकडा आठवला. देशात हेक्टरी सरासरी १६.४ टन माती दर वर्षी जागची हलते, असा शास्त्रज्ञांचा १९८३ सालचा अंदाज आहे. एका मजकुरात तो आला, तेव्हा समासात मी ‘दशांशचिन्ह चुकलं का?’ असा प्रश्न लिहिला होता. आता कागदावर गणित केलं. एकरी साडेसहा टन, साडेतीन एकरांचे तेवीस टन. हा अंदाज देशाचा आहे, आमच्या रानाचा नव्हे, हे कबूल. पण थर म्हणून पाहिलं तर तो जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर भरतो आणि असा इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. चुकलं होतं ते दशांशचिन्ह नव्हे.

पुतण्याने एक सहा इंची खिळा आणून दिला. “वरच्या अंगाला ठोक, दोन बोटं बाहेर ठेव. दर पावसाळ्यानंतर बघ. जास्त बाहेर आला तर तेवढी माती गेली.” शास्त्रज्ञही लोखंडी कांबी रोवून असंच मोजतात म्हणे. पहिला खिळा मी दगडावर ठोकला. तो वाकला.

पाणी जिथे दिसतं तिथे अडवावं एवढंच मला कळत होतं. म्हणून खालच्या ओघळीत चार दिवस खपून गुडघाभर उंचीची दगडांची भिंत रचली. दिसायला छान होती, मध्ये जरा उंच, कडांना उतरती, देवळाच्या शिखरासारखी. आठवड्याने पाऊस आला आणि दगड ओढ्यात गेले. शिवाय भिंतीच्या दोन्ही टोकांना ओघळीचे काठही खचून गेले, म्हणजे आधी होती त्यापेक्षा ओघळ रुंद झाली. चुका नंतर कळल्या. असा अनघड दगडी बांध दोन्ही काठांत घुसवून घ्यावा लागतो आणि त्याचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवतात, म्हणजे पाणी मधून जातं, काठ खात नाही. मी नेमकं उलटं केलं होतं. दादा काठावर बसून बघत होते. म्हणाले, “पानी खाली येस्तवर ज्वान हुतं बाय. वर ल्हान असतंय, तवाच त्याला धरायचं.” माथ्यापासून पायथ्याकडे, असं याला पुस्तकात म्हणतात. ते वाक्यही मी तपासलं होतं आणि ‘पायथ्या’तला ‘थ्या’ नीट उमटला आहे की नाही एवढंच पाहिलं होतं.

आता माथा बघायचा तर आमचं रान बघायला हवं. पट्टी ६० मीटर रुंद आणि २३६ मीटर लांब, आणि लांबी सगळी उताराच्या दिशेने. शेजारच्या भाऊबंदांच्या पट्ट्याही तशाच, उभ्या कापलेल्या वड्यांसारख्या. मला वाटलं, शेतं अशीच असतात. दादांनी समजावलं. वर मुरूम, खाली काळी. वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येक भावाला थोडी काळी हवी आणि मुरूमही प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवा, म्हणून पट्ट्या उभ्या पडल्या. न्याय झाला. मग लांब पट्टीत औत लांबीच्याच दिशेने चालणार, ट्रॅक्टरही. म्हणजे नांगराचं प्रत्येक तास ही पाण्याला खाली उतरायला केलेली पन्हाळ. आमच्या आजोबांनी अतिशय समंजसपणे, एकाही भावावर अन्याय न करता, सगळ्या रानाला उतारावर सोडून दिलं होतं. हे ऐकून मी आजोबांना नावं ठेवायला तोंड उघडलं, तर दादांनी विचारलं, “तुजी पट्टी आडवी मुरमाची दिली असती तर घेतली असतीस?”

आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजकाने १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची ओसाड जमीन कराराने घेतली, बांध घातले, पाणी अडवलं आणि ती पिकवून दाखवली. त्यातून पुढे ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तेही पुण्याहूनच आलेले, म्हणून मला धीर आला. ते अभियंता होते, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

उन्हाळ्यात मोजणी काढली. समपातळी रेषा, म्हणजे रानातले एकाच उंचीचे सगळे ठिपके जोडणारी रेषा. तिच्यावर बांध घातला तर पाणी कुठल्याच बाजूला न पळता सगळीकडे सारखं थांबतं. ती शोधायला ए-फ्रेम करतात. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला दगड सोडायचा. इंग्रजी ‘ए’ अक्षर आणि त्याला ओळंबा. मी केलेल्या ‘ए’चा एक पाय चार बोटं आखूड होता. त्याचंही बिघडत नाही, पण एक रीत पाळावी लागते. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर उभी करायची आणि दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या मधोमध खरी पातळी. मी एकच खूण केली होती. सकाळभर पाऊल पाऊल टाकत फक्की मारत गेले, आणि पट्टीच्या पलीकडच्या कडेला पोचले तेव्हा रेषा सुरुवातीपेक्षा कमरेइतकी खाली उतरली होती.

दुपारी दुरुस्त करून पुन्हा सुरुवात केली, तर वारा सुटला. दगड घड्याळाच्या लंबकासारखा हलायला लागला. सासवडच्या बाजूचा उन्हाळी वारा कुणाची वाट बघत नाही. पुतण्याने दगडाच्या जागी पाण्याने भरलेली लिटरची बाटली बांधली, तेव्हा लंबक जरा थाऱ्यावर आला. शेवटी जी रेषा निघाली ती इतकी वाकडीतिकडी होती की माझ्यातल्या मुद्रितशोधकाला सहन होईना. मी दोन-तीन ठिकाणची वळणं पुसून ओळ सरळ केली. पुतण्याने संध्याकाळी येऊन पाहिलं. “आत्या, रान सरळ नाही तर रेषा सरळ कशी?” पुसलेली वळणं मी बॅटरीच्या उजेडात परत काढली.

उताराचं माप हा वेगळाच प्रकार. उतार टक्क्यांत मोजतात: शंभर मीटर चाललं की किती मीटर उतरलो. मी टेपने मोजलं आणि दहा टक्के उत्तर आलं. डोंगरच की! घाबरून कृषी सहायकांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, “आडवं अंतर किती घेतलं?” तीस मीटर. “आणि उभं?” तीन. “तीन काय?” मी टेपकडे पाहिलं. तीन फूट. म्हणजे नव्वदेक सेंटिमीटर, म्हणजे उतार तीन टक्के. अशा उतारावर साधारण मीटरभर उंची उतरली की पुढचा बांध घ्यायचा, म्हणजे दोन बांधांत तीस-पस्तीस मीटरचं अंतर. आमच्या पट्टीत सहा-सात बांध बसतात. पैसे आणि कंबर पाहता मी वरचे दोन ठरवले. फोन ठेवताना ते म्हणाले, “मॅडम, टेपची एकच बाजू वापरा.”

वरची रेषा आखून झाली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या भागात एक ओबडधोबड उंचवटा होता, वीतभर उंच, हातभर रुंद, पट्टी तिरकी कापत गेलेला. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत खुपत होता. ट्रॅक्टर येईल तेव्हा पहिल्यांदा हा सपाट करू, असं मी दादांना दोनदा सांगितलं होतं. माझी फक्कीची रेषा बरोबर त्या उंचवट्यावरून गेली, त्याच्या प्रत्येक वळणासकट. मी वहिनींना हाक मारली. त्या म्हणाल्या, “त्यो बाहात्तरचा बांध. आमच्या सासूबाई व्हत्या कामाला. घमेली टाकायच्या आन् दुपारी सुकडी खायच्या.” १९७२ च्या दुष्काळी कामावर माझ्या चुलतीने डोक्यावर माती वाहून घातलेला बांध. तो कंबरभर उंच होता म्हणे. पण समपातळीचा बांध हद्दीप्रमाणे चालत नाही, त्यामुळे तो प्रत्येकाच्या पट्टीतून तिरका जातो, औताला आडवा येतो आणि जागा खातो. म्हणून दर वर्षी नांगर त्याला दोन बोटं कोरत गेला. कोरणाऱ्यांत आमचे आजोबा होते, दादा होते, आणि आणखी महिनाभराने मीही असते.

बांध हा शब्द आपल्याकडे कोर्टाच्या कागदावर जेवढा आढळतो तेवढा रानात आढळत नाही. फक्की मारलेली पाहून शेजारच्या पट्टीचे भाऊबंद दुसऱ्याच दिवशी आले. हद्द सरकवते आहे, असा त्यांचा समज. मी समपातळी म्हणजे काय यावर त्यांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “ते समदं खरं. पन अडलेलं पानी भरल्यावर जानार कुटं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तो प्रश्न भांडणाचा वाटला.

खोदायला सुरुवात केली. मातीकामाचं माप ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. मी हौसेने पहिल्या दिवशी टिकाव घेतला. तीन तासांत सहा फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल चर झाला. सहा घनफूट. ब्रासचा सोळावा हिस्साही नाही, आणि तळहाताला चार फोड. तेवढी माती मी चराच्या वरच्या बाजूला टाकली, कारण उभी राहिले होते तिथून तेच सोपं होतं. वहिनी बघायला आल्या आणि हसू दाबत म्हणाल्या, “वन्सं, पाऊस आला की ही माती परत चरातच बसंल.” माती खालच्या अंगाला टाकतात, तोच बांध. चर आणि बांध यांच्यात फूटभर जागा मोकळी सोडतात, नाहीतर बांध चरात ढासळतो. उरलेलं काम जेसीबीने आणि चार माणसांनी केलं. माझ्याकडे पाणी देण्याचं काम आलं, प्यायचं.

बांध झाला. गुळगुळीत, कंबरेला येईल एवढा. मी त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मधे एका जागी ट्रॅक्टर पलीकडे नेताना बांध थोडा दबला होता, वीतभर. त्याकडे माझं लक्ष गेलं नाही. जुलैत रात्रभर पाऊस झाला. पहाटे दादांनी उठवलं. बांधामागे पाणी तळ्यासारखं साचलं होतं आणि बरोबर त्या दबलेल्या जागेवरून वाहायला लागलं होतं. आधी ओंजळीएवढं, मग बादलीएवढं. आम्ही फावडी घेऊन पोचेपर्यंत बांध दोन हात फुटला. साठ मीटर रुंदीत पसरून आलं असतं ते सगळं पाणी एका तोंडातून गेलं, दुसरा बांधही त्याच जोरात तुटला, आणि खाली दादांच्या स्वतःच्या पट्टीतली गुडघ्याला आलेली बाजरी आडवी झाली. बांध नसता तर एवढं नुकसान झालं नसतं. दादा काही बोलले नाहीत. त्या दिवशी मी पुण्याला परत आले आणि तीन आठवडे फोन केला नाही.

अडलेलं पाणी भरल्यावर जाणार कुठं? प्रश्न भांडणाचा नव्हता, तो सांडव्याचा होता. प्रत्येक बांधाला जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर काढणारी वाट लागते. ती बांधाच्या माथ्यापेक्षा खाली ठेवतात आणि पाण्याने खचू नये म्हणून दगडांनी बांधतात. आणि जमीन भारी काळी असेल, तर असा पाणी धरून ठेवणारा बांध तिथे मुळात घालायचाच नाही. तिथे पाणी मुरत नाही, पीक पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात बांधालाही भेगा पडतात. आमचे दोन्ही बांध मुरमाड अंगाला होते, म्हणून निभावलं. भाद्रपदात पेढे घेऊन मी शेजाऱ्यांकडे गेले. सांडवा दोन्ही पट्ट्यांच्या हद्दीवर काढायचा, तिथून दगडांच्या पायऱ्या करून पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं, असं ठरलं. त्यांची अट एकच: बांधावर गवत लावाल त्यातलं निम्मं त्यांच्या म्हशीला. दगड त्यांनीच दिले. त्यांतले बरेचसे मी ओळखले. माझ्या पहिल्या भिंतीचे होते, ओढ्यातून गोळा केलेले.

पुढच्या पावसाच्या तोंडावर बांधावर वाळा लावला, अत्तरवाला वाळा. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खोल जातात. ठोंब वीतभराच्या आत, एकमेकांना खेटून लावायचे असतात. मी बागेतल्या शेवंतीसारखे दोन-दोन फुटांवर लावले आणि पाणी त्यांच्यामधून ऐटीत गेलं. परत लावले. म्हशीला वाळा फारसा रुचत नाही हे नंतर कळलं, म्हणून तिच्यासाठी खालच्या बाजूला मारवेल लावावं लागलं.

सगळ्यांत अवघड काम खोदण्याचं नव्हतं, ट्रॅक्टरवाल्याला रान आडवं करायला लावण्याचं होतं. उताराला आडवं चालायचं तर साठ मीटरवर वळण येतं, उभं चाललं तर २३६ मीटरवर. “मॅडम, निम्मा वेळ वळन्यातच जातोय,” असं तो म्हणाला, आणि ते खरं आहे. त्याला तासावर जास्तीचे पैसे दिले. बाजरीत तुरीच्या ओळी आडव्या पेरल्या, कारण बाजरी निघाल्यावरही तूर जमीन झाकून उभी राहते. पहिल्यांदाच रानातल्या सऱ्या बांधाला समांतर दिसल्या. शेजारचे म्हणाले, “रान येडंवाकडं दिसतंय.”

त्या पावसाळ्यात सांडव्यावरून तीनदा पाणी गेलं. बांध फुटला नाही. वरच्या बांधामागे चार बोटं गाळ साचला, तो वहिनींनी उन्हाळ्यात घमेल्याने उचलून वरच्या खडकाळ कोपऱ्यात पसरला. ओढ्याला अजूनही चहाचाच रंग येतो. सहा-सात बांधांपैकी दोनच झालेत, आणि ओढा काही एकट्या आमच्या रानाचा नाही.

दसऱ्याला खिळा पाहायला गेले. जूनमध्ये तो दोन बोटं बाहेर ठेवला होता. आता जेमतेम एक बोट बाहेर होता. म्हणजे माती गेली नाही, उलट साचली! मी धावत जाऊन वहीत नोंद केली, तारीख घातली, खाली दोन रेघा मारल्या आणि घरी सगळ्यांना सांगितलं. पुतण्या खिळ्यापाशी जाऊन खाली बसला. डोक्याजवळ गोल ठसा होता. शेजाऱ्यांच्या म्हशीने त्याच्यावर पाय दिला होता.

ती नोंद मी खोडली. नवा खिळा ठोकला आहे, दोन बोटं बाहेर, भोवती बाभळीच्या काट्या लावून.